हौशी कोण आणि धंदेवाईक कोण?

नारळीपौर्णिमेच्या संध्याकाळी मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण झाला, की तेथे आणखी एका खेळाला रंग चढतो. तो खेळ नारळ लढविण्याचा. एकाने मुठीत नारळ घट्ट धरावयाचा आणि दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालावयाचा. ज्याचा नारळ फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत गेला. या खेळात हौसेने उतरणारे पुष्कळ असतात. तसेच जाड कवटीचा नारळ मिळावा म्हणून आधीपासून वाड्या पालथ्या घालणारे आणि रात्री भरलेली पिशवी घेऊन घरी परतणारेही असतात. त्यांना हौशी म्हणावे की धंदेवाईक, हे ठरविणे कठीण आहे.

गेल्या नारळीपौर्णिमेला त्याच गर्दीत आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी भेटला. मुलगा रापणीवर जाणाऱ्या घरातला. परदेशातील मुष्टियुद्धांच्या लढती पाहण्याचा त्याला नाद आहे. नारळांचा कडकडाट ऐकता ऐकता त्याने एकदम विचारले, ''सर, खरे बॉक्सर खंयच्या देशाचे? ऑलिंपिकवाल्यांचे, की पैशेवाल्यांचे?''

प्रश्न ऐकावयास सोपा, पण उत्तर देण्यास अवघड. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, मुष्टियुद्धाचा जाणकार नव्हे. परंतु जसजसा विचार करीत गेलो तसतसे जाणवत गेले, की हा प्रश्न मुठीचा नसून पोटाचा आहे. अमुक राष्ट्र उत्तम मुष्टियोद्धे का निर्माण करते, याचे उत्तर त्या लोकांच्या रक्तात, आहारात किंवा हवापाण्यात शोधण्याची आपल्याला सवय आहे. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारून पाहावा : चौदाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत त्या मुलाला कोण पोसतो, आणि तो हरला तर त्याचे काय होते?

दोन निराळ्या परीक्षा

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध या एकाच खेळाच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्या नव्हेत. त्या दोन निराळ्या परीक्षा आहेत. ऑलिंपिकमधील लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. नऊ मिनिटांत सर्व काही संपते आणि एकदोन दिवसांच्या अंतराने पुन्हा नव्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहावे लागते. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटांची. पूर्वी ती पंधरा फेऱ्यांची असे. १९८२ साली किम डुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळून पुढे मरण पावला, आणि त्यानंतर फेऱ्या कमी करण्यात आल्या. एका परीक्षेत चपळाई आणि गुणांचा हिशेब लागतो, तर दुसरीत मार सोसून अखेरपर्यंत टिकण्याची ताकद. शंभर मीटर धावणारा श्रेष्ठ की दहा हजार मीटर धावणारा, असे आपण विचारीत नाही; येथे मात्र विचारतो.

या दोन परीक्षांचा सामना एकदा प्रत्यक्ष घडला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकचे दरवाजे व्यावसायिकांना उघडण्यात आले. आता हौशी मुलांचा चुराडा होईल, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. प्रत्यक्षात कॅमेरून, थायलंड आणि इटली या देशांचे मिळून तीनच व्यावसायिक उतरले. कॅमेरूनचा हसन एन्डाम पहिल्याच लढतीत हरला आणि तिघांपैकी एकालाही पदक मिळाले नाही. याउलट, हौशी परीक्षेत तयार झालेले कित्येक जण पुढे दुसरी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आहेत. १९६० साली रोमला सुवर्णपदक मिळविणारा कॅशियस क्ले पुढे महंमद अली झाला. युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक २०१२ साली लंडनला सुवर्णपदक जिंकून गेला आणि २०२४ साली हेवीवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता ठरला. तात्पर्य, पाया हौशी मुष्टियुद्धात घातला जातो आणि इमारत बाजारात उभी राहते. आता पायाचा खर्च कोणी केला, ते पाहू.

खर्च कोणी सोसला?

मेक्सिकोचे उदाहरण घ्या. व्यावसायिक जगज्जेत्यांची रांगच्या रांग या देशाने उभी केली आहे. हुलिओ सेझार चावेझची लढत पाहण्यासाठी १९९३ साली मेक्सिको शहराच्या क्रीडांगणावर सव्वालाखाहून अधिक लोक जमले होते. पण याच मेक्सिकोला ऑलिंपिक मुष्टियुद्धात आजवर किती सुवर्णपदके मिळाली? अवघी दोन, आणि तीही दोन्ही १९६८ साली, स्वतःच्या घरच्या ऑलिंपिकमध्ये. फिलिपाइन्सची कथा याहून बोलकी आहे. आठ निरनिराळ्या वजनगटांत जगज्जेतेपद मिळविणारा मॅनी पॅकियाव या देशाचा. पण तो ऑलिंपिकला कधी गेलाच नाही, आणि त्याच्या देशाला मुष्टियुद्धात एकही ऑलिंपिक सुवर्णपदक अद्याप मिळालेले नाही.

येथे कर्तृत्वाची उणीव नाही. उणीव आहे ती थांबण्याच्या ऐपतीची. ज्या घरात उद्याच्या जेवणाची भ्रांत आहे, तेथील मुलाने चार वर्षांनी येणाऱ्या पदकाची वाट कशाच्या बळावर पाहावी? पॅकियाव पोरवयातच घर सोडून मनिलाला आला, रस्त्यावर झोपला आणि मिळेल त्या मोबदल्यावर रिंगणात उतरला. मूठ हीच ज्याची एकमेव मालमत्ता, तो ती ताबडतोब बाजारात नेणारच.

आता दुसरे टोक पाहा. क्यूबात क्रांतीपूर्वी व्यावसायिक मुष्टियुद्ध जोरात होते. किड चॉकलेट, किड गाविलान हे जगज्जेते त्याच मातीतले. १९६२ साली सरकारने व्यावसायिक खेळांवर बंदी घातली आणि मुलांना शोधणे, शाळेत ठेवणे, खाऊ घालणे व शिकविणे ही सर्व जबाबदारी स्वतःकडे घेतली. दहा वर्षांत परिणाम दिसला. १९६८ पर्यंत क्यूबाच्या नावावर मुष्टियुद्धाचे एकही सुवर्णपदक नव्हते. १९७२ साली म्युनिकला तीन आली, १९८० साली मॉस्कोला सहा. आज या चिमुकल्या देशाची एकूण सुवर्णपदके बेचाळीस आहेत. त्याच्या पुढे फक्त अमेरिका आहे. तेओफिलो स्टीव्हन्सन याने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि महंमद अलीशी लढण्यासाठी पुढे आलेल्या डॉलरांच्या राशी नाकारल्या. सोव्हिएत संघाच्या जुन्या पद्धतीचा वारसा घेतलेल्या उझबेकिस्तानने २०२४ साली पॅरिसला पाच सुवर्णपदके मिळविली, ती याच मार्गाने.

अमेरिकेला दोन्ही मार्ग साधले, याचे कारण तेथे पाया आणि बाजार यांच्यामध्ये एक पूल होता. शिकागो व न्यूयॉर्क येथील वृत्तपत्रांनी १९२० च्या दशकात सुरू केलेल्या 'गोल्डन ग्लोव्ह्ज' स्पर्धा आणि वस्त्यावस्त्यांतील व्यायामशाळा यांनी गरीब मुलांना हौशी वयात धरून ठेवले. पण बाजाराची ओढ वाढत गेली तसा तो पूलही खचला. अमेरिकी पुरुषांना मुष्टियुद्धातले शेवटचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले, ते २००४ साली अथेन्सला.

तेव्हा उत्तम मुष्टियोद्धे दोन प्रकारांनी निर्माण होतात, असे दिसते. एका प्रकारात हरणाऱ्या मुलांचा खर्च राष्ट्र सोसते, आणि दुसऱ्यात तो ती मुले स्वतःच सोसतात. दोन्हीकडे जगज्जेते निर्माण होतात, म्हणून वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच यशस्वी वाटतात. परंतु एका पॅकियावमागे किती मुले फुटलेल्या भुवया आणि रिकामे खिसे घेऊन गावी परतली, याची नोंद कोणत्याही क्रीडाकोशात नसते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी केवळ जमेची बाजू वाचून वही मिटू नये.

दुसऱ्या मार्गालाही किंमत असते, हे सांगितले पाहिजे. क्यूबाच्या मुष्टियोद्ध्याला स्वतःच्या मुठीचे मोल करण्याचे स्वातंत्र्य नव्हते. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा गिलेर्मो रिगोंदो २००७ साली ब्राझीलमध्ये संघातून निसटण्याच्या प्रयत्नात सापडला, त्याचा खेळ बंद झाला आणि अखेर २००९ साली त्याने देश सोडला. २०२२ साली क्यूबाच्या सरकारलाच आपली साठ वर्षांची बंदी सैल करून मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढतींची परवानगी द्यावी लागली. पोसणाऱ्याने पोसलेल्याला कायमचे बांधून ठेवावे, हे न्यायाचे नाही आणि अखेर ते टिकतही नाही.

'हौशी' या शब्दातले राजकारण

आपल्याकडे 'हौशी' म्हटले की काही तरी निर्मळ आणि 'धंदेवाईक' म्हटले की काही तरी हिणकस, अशी समजूत रुजली आहे. ती कोठून आली? ती आली व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधून. हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ साली हौशी कोणास म्हणावे याची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत खेळणारा तर त्यातून वगळला गेलाच. परंतु जो मजुरीवर कारागीर, यंत्रकामगार वा श्रमिक म्हणून काम करतो, किंवा ज्याने पगार घेऊन होडीवर काम केले आहे, तोही हौशी नव्हे, असे ठरले. मालवणचा एखादा खलाशी त्या शर्यतीला गेला असता, तर दोन दोन कलमांखाली बाहेर काढला गेला असता! शुद्ध खेळाच्या नावाखाली प्रत्यक्षात श्रमिकाला दाराबाहेर ठेवण्याची ही सोय होती. वडिलोपार्जित उत्पन्न असलेल्याला हौस परवडते; हातावर पोट असलेल्याला ती परवडत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण ती व्याख्या मुकाट्याने चालू ठेवली, पण तीतून पळवाट काढली ती सरकारी नोकरीची. आपले नामवंत हौशी खेळाडू लष्करात, रेल्वेत, पोलिसांत पगारावर असतात. १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेट सुवर्णपदक मिळविणारे हवा सिंग लष्करातले. भारताला मुष्टियुद्धात आजवर तीनच ऑलिंपिक पदके मिळाली असून ती तिन्ही कांस्य आहेत : २००८ साली विजेंदर सिंग, २०१२ साली मेरी कोम आणि टोकियोला लवलिना बोरगोहाइं. यांतील पहिल्या दोघांना पोलीस खात्याने सामावून घेतले होते. विजेंदर २०१५ साली व्यावसायिक झाला, तेव्हा सरकारी सेवेत राहून तसे करता येईल काय, असा वाद उभा राहिला. म्हणजे खेळण्यासाठी पगार घेतला तर तो हौशी, आणि खेळून पैसे घेतले तर तो धंदेवाईक! नोकरीला येथे नाव ठेवावयाचे नाही. उलट, ती नसती तर ही तीन पदकेही दिसली नसती. आक्षेप आहे तो शब्दांच्या आड हिशेब लपविण्याला.

कोल्हापूरच्या आखाड्यातला धडा

महाराष्ट्रात मुष्टियुद्ध फारसे रुजले नाही. आपला झुंजीचा खेळ कुस्ती. पण वरचा सारा हिशेब कुस्तीला तंतोतंत लागू पडतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबाग मैदान उभारले. राजाश्रय संपल्यावर जत्रांतील इनामी कुस्त्यांच्या बाजाराने पहिलवानांना पोसले. सरकारने फारसे काही न करता हजारो तालमी जगल्या, हे त्या बाजाराचे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना ऑलिंपिकला जावयाचे होते, तेव्हा हा बाजार उपयोगी पडला नाही. १९४८ साली कोल्हापूर संस्थानच्या मदतीने ते लंडनला गेले आणि मॅटचा सराव नसतानाही सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी काढावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले आणि त्या पैशातून गुरुजींचे घर सोडविले. हौशी पदकाचे कर्ज धंदेवाईक कुस्तीने फेडले, याहून मार्मिक टीका आपल्या व्यवस्थेवर दुसरी कोणती असू शकेल?

त्यानंतर कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक भारताला मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. तेव्हापासून २०२४ पर्यंत कुस्तीत सात पदके आली. ती सर्व हरियाणा आणि दिल्ली परिसरातील मल्लांची. महाराष्ट्राचे त्यांत एकही नाही. आपल्या तालमी ओस पडल्या होत्या काय? नाही. मग झाले काय? खाशाबांसह ही आठही पदके कोणत्या वजनगटांत मिळाली, ते पाहावे. एकही सहासष्ट किलोंच्या वरचे नाही. आणि आपला सर्वांत मोठा मान, १९६१ पासून दिला जाणारा 'महाराष्ट्र केसरी' किताब, कोणासाठी आहे? शहाऐंशी ते सव्वाशे किलोंच्या मल्लांसाठी. मोटारगाडी त्याला, हत्तीवरून मिरवणूक त्याची, जत्रेतले मोठे इनामही त्याचेच. सत्तावन्न किलोंचा चपळ पोरगा गदेच्या आशेने खुराक वाढवीत वजनाच्या मागे लागतो, किंवा आखाडा सोडून देतो. बाजार ज्याला मोल देतो, तेच पिकते. ऊस परवडतो तेथे ज्वारी कोण लावील? या अर्थाने कोल्हापूर हे आपले मेक्सिको आहे : खेळ जिवंत, प्रेक्षक रसिक, मल्ल जातिवंत, पण पदकाची वाट वेगळी.

हरियाणा मात्र काहीसे क्यूबाच्या वाटेने गेले. ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी रुपयांचे बक्षीस, ही त्याची सर्वांना दिसणारी बाजू. खरी किमया त्याआधीची आहे. खेळाडूला पोलिसांत वा अन्य खात्यांत नोकरी मिळण्याची वाट तेथे मळलेली असल्यामुळे गावातल्या बापाला मुलगा, आणि आता मुलगीही, आखाड्यात पाठविण्याचे धाडस होते. आपण बक्षिसांच्या रकमेची तुलना करीत बसतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळविले, तेव्हा खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक लाभले, आणि बक्षिसाची रक्कम हरियाणाच्या मानाने पुरेशी आहे काय, यावर लगेच वाद झडला. पण स्वप्नीलला घडविण्याच्या काळात आधार दिला तो रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाच्या नोकरीने. जिंकल्यानंतरचे कोटी ही सोडत आहे. जिंकण्याआधीची भाकरी ही गुंतवणूक आहे. दोहोंतला फरक आपल्या क्रीडाधोरणाला अजून पुरता उमगलेला नाही.

किनाऱ्यावरची मुले

कोणी म्हणेल, की शाळांची छपरे गळत असताना मुष्टियुद्धावर पैसा कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु येथे पदकांसाठी पैसा मागितलेला नाही. झुंजीच्या खेळात जगभर जी मुले उतरतात ती गरिबाघरची असतात. त्यांच्या उमेदीच्या सहा वर्षांचे काय होते, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे.

आपल्या भागाला याचे एक उदाहरण परिचयाचे आहे. सिंधुदुर्गातले कितीतरी तरुण घाट चढून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी जातात. लष्कराच्या बाल क्रीडा तुकड्या लहान मुलांना निवडून त्यांचे शिक्षण, राहणे, खाणे आणि खेळ यांची एकत्र व्यवस्था करतात. पुण्यात लष्कराची क्रीडासंस्था आहे, तीत मुष्टियुद्धही शिकविले जाते. या व्यवस्थेचे मर्म असे, की त्यातील मुलगा जिंकला तर पदक आणतो आणि हरला तर सैनिक होतो. भिकेला लागत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. मुष्टियुद्ध संपले, पण माणूस संपला नाही. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पडलेल्याला उभे करणारी व्यवस्था मागे असली, म्हणजे एका खेळातून निसटलेला दुसऱ्या खेळात उगवतो.

हेच तत्त्व नागरी जीवनात आणणे अशक्य नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे रिंगण आणि चार मॅट, त्यांना जोडून वसतिगृह, हलक्या वजनगटांना जड गटांइतकेच इनाम, आणि अठराव्या वर्षी खेळ सोडावा लागलेल्या मुलासाठी तंत्रशिक्षणाची राखीव जागा. यांतले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच कोणत्याही योजनेत शोधून सापडत नाही. विजेत्याच्या सत्काराला पुढारी मिळतात. हरलेल्याच्या भाकरीला मिळत नाहीत.

त्या विद्यार्थ्याला मी त्या संध्याकाळी नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देईन, आणि त्याच्याच घरच्या व्यवसायातले देईन. रापणीचा दोर ओढावयास दोन्ही बाजूंना माणसे लागतात. मासळी किती येणार हे कोणालाच ठाऊक नसते. पण दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो धट्टाकट्टा असो की थकलेला म्हातारा. सर्वांत मोठी सुरमई कोणाच्या ओढण्याने आली, असे तेथे कोणी विचारीत नाही. ज्या राष्ट्राने आपल्या मुलांसाठी असा दोर धरला, ते राष्ट्र मुष्टियोद्ध्यांचे. आपण मात्र अजून किनाऱ्यावर उभे राहून, जाळे वर आले की वाटा मागावयास पुढे होतो.